अर्ध्या मिनिटाचा नियम

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, असं घरात सगळे म्हणतात. असू दे. पण खेळताना तो मी चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवते आणि टेबलाशी थंड डोक्याने उभी राहते. शिळफाट्याच्या क्लबात मला नेमकी त्याचीच शिक्षा मिळाली.

खोपोलीच्या शिळफाट्याला एका हार्डवेअरच्या दुकानावर जगदीशचा स्नूकर क्लब आहे. एकच मोठं टेबल, भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या आणि एक टीव्ही. दर रविवारी दवाखाना बंद ठेवून मी कर्जतजवळच्या दहिवलीहून तिथे जाते. धाकटा भाऊ केयूर स्कूटर चालवतो, मी मागे. मी दातांची डॉक्टर, आणि क्लबातली एकटीच बाई. तीन वर्षांत माझ्या बाईपणाची कुणाला अडचण झाली, असं निदान तोंडावर कुणी म्हटलं नाही. अडचण होती ती माझ्या सावकाश खेळण्याची.

त्या रविवारी टीव्हीवर परदेशातली कुठलीशी मोठी स्पर्धा लागली होती. खेळत होता तो संथ खेळाडू, ज्याला आमची मंडळी 'आजोबा' म्हणतात. वय असेल जेमतेम पस्तीस. एका लाल बॉलसमोर तो वाकला, परत उभा राहिला, टेबलाला चक्कर मारून आला आणि पुन्हा वाकला. क्लबातल्या किरणने खुर्चीत घोरायचं नाटक केलं. सगळे हसले.

"याला बघायला लोक तिकीट काढतात?" केयूर म्हणाला. "समोरचा बघ. बॉल दिसला की आत. याला म्हणतात खेळ."

"आणि नाही गेला आत तर?"

"तर नाही गेला. मजा तर आली."

"मजा तुला आली. टेबल समोरच्याला मिळालं," मी म्हणाले. "बॉल घालणं हा अर्धाच खेळ आहे, केयूर. चुकला तर समोरच्याच्या हाती काय पडेल, ते आधी बघणं हा उरलेला अर्धा."

"मॅडम, तुमी बघत बसता तवर आमी म्हातारे व्हतो," स्वप्नील म्हणाला. खालापूरकडच्या गावातला हा मुलगा, घरी भातशेती, स्वतः खोपोलीच्या कारखान्यात. क्लबात सगळ्यांत जोरकस हात त्याचा. "हाणायचा बॉल. घाबरायचं नाय."

मला तिडीक आली. कुणी पुरुष थांबला तर तो डोकं लावतो, मी थांबले तर घाबरते. याच स्वप्नीलची अक्कलदाढ मी काढली होती. तेव्हा खुर्चीचे हात घट्ट धरून "मॅडम, सावकाश, घाई नाय" असं तो चार वेळा म्हणाला होता.

वाद टीव्हीवरून टेबलावर आला तो जगदीशमुळे. अलिबागच्या जिल्हा स्पर्धेला क्लबातून एकच नाव जायचं होतं. वर्षभरात सगळ्यांत जास्त डाव मी जिंकले होते. ते नाव माझं असायला हवं, हे जगदीशला कळत होतं, पण उच्चारायला जड जात होतं. आणि मला ते हवं होतं. इतकं हवं होतं की आठवडाभर त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"असं करू," जगदीश म्हणाला, "मॅडम आन् स्वप्नील खेळतील. जिकंल त्यो अलिबागला. कुठला खेळ खरा, ह्यो वादपन मिटंल."

"पन घड्याळ लावायचं," किरण म्हणाला. "नायतर आमी हितंच झोपू."

केयूरने खिशातून टायमर काढला. आमच्या आईचा, इडल्या लावताना ती वापरते तो. घरातून निघतानाच त्याने तो खिशात टाकला होता. म्हणजे हे सगळं आधीच ठरलेलं होतं, आणि माझा सख्खा भाऊ त्यात होता.

"अर्धं मिनिट. घंटी वाजली की पाळी गेली," तो म्हणाला. "दोघांना सारखाच नियम, ताई."

नाही म्हणता आलं असतं. पण मग 'घाबरली'वर शिक्काच बसला असता. "लाव," मी म्हणाले, आणि बाहेर ठेवलेला राग तेव्हाच आत आला.

स्वप्नील सुटला. गेले ते बॉल झोकात गेले, चुकले ते टेबलभर उधळले. मी पांढरा बॉल दुसऱ्या बॉलांच्या आड नेऊन ठेवत राहिले आणि तो तिथून चुकत राहिला. दोनदा माझ्यावर घंटी वाजली. दोन्ही वेळा केयूरने हात वर करून "वेळ संपली, ताई" असं जाहीर केलं. दोन्ही वेळा मी मुकाट बाजूला झाले. तरीही मी मागे पडले नाही. शेवटी टेबलावर पांढऱ्याशिवाय एकटा काळा बॉल उरला. काळा घालेल त्याचा डाव आणि त्याचंच अलिबाग.

पाळी स्वप्नीलची होती. काळा लांब होता, कोपऱ्यातल्या पॉकेटकडे जाईल न जाईल असा. आणि स्वप्नीलने मारला नाही. तो वाकला, उठला, क्यूच्या काठीला खडू लावला, तळवे पँटला पुसले, टेबलाला चक्कर मारून आला. टीव्हीवरचे आजोबा बरे.

मी केयूरच्या हाताकडे बघत होते. टायमर टिर्र करायला लागला आणि केयूरच्या अंगठ्याने तो तिथेच दाबला. तो आवाज सगळ्यांनी ऐकला. जगदीशने रिमोट उचलून टीव्हीचा आवाज कमी केला, स्वप्नीलला त्रास नको म्हणून.

बोलायला हवं होतं. स्वप्नीलने मारला, काळा पॉकेटच्या तोंडाशी आपटून कडेला येऊन थांबला. माझी पाळी. केयूरने टायमर लावून टेबलाच्या कडेवर ठेवला, मला नीट दिसेल असा.

काळ्याला हलकेच ढकलून स्वप्नीलला अवघड जागी ठेवायचं, हेच बरोबर होतं. झोपेतही मी तेच खेळले असते. पण मला काळा दिसतच नव्हता, तो अंगठा दिसत होता. मी वाकले आणि अंगातल्या सगळ्या रागाने हाणला. काळा पॉकेटच्या ओठावर आदळला, टेबलभर धावला आणि पलीकडच्या पॉकेटच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला.

आणि टाळ्या पडल्या. "बगा, मॅडमला पन येतं की," किरण ओरडला. स्वप्नीलसुद्धा क्यू जमिनीवर आपटून दाद देत होता. मग हसत हसत पुढे येऊन त्याने काळा बॉल आत ढकलला. त्याला कसला वेळ लागतोय. तीन वर्षांत त्या क्लबात माझ्यासाठी टाळ्या वाजल्या त्या एवढ्याच.

परतताना केयूर खुशीत होता. पळसदरीच्या अलीकडे मी त्याला स्कूटर थांबवायला सांगितली आणि उतरले.

"काय झालं? पण ताई, शेवटचा शॉट काय मारलास. असं खेळत जा ना."

"त्याची घंटी तू बंद केलीस."

तो गडबडला, पण लाजला नाही. खरंच त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. "अगं, शेवटचा बॉल होता," तो म्हणाला. "विचार करत होता तो."

"आणि मी इतकी वर्षं काय करत होते, केयूर?"

तो हेल्मेटचा पट्टा ओढत राहिला. मी हात पुढे केला, आईचा टायमर त्याच्याकडून घेतला आणि कर्जतच्या दिशेने चालायला लागले.