शौकतभाईंची सुरई

मी एक जुनी सुरई आहे. मित्रांनो, सुरई म्हटलं की तुम्ही पेला पुढं कराल. पण माझ्यात पाणी नाही, कित्येक वर्षांत नाही.

बिडकीनच्या कुंभारानं मला घडवलं. पोलीस ॲक्शनच्या पुढच्या साली शौकतभाईंनी मला औरंगाबादला आणून बहिणीच्या, अख्तरीच्या, अंगणात ठेवलं. परत आलो की हिच्यातलंच पाणी पिईन, असं सांगून ते कराचीला गेले. अख्तरी मला रोज भरायची. येणारे-जाणारे पाणी पिऊन वाहवा करायचे. माझी मान मुळातच उंच, त्यात हा ताठा! मग एका उन्हाळ्यात मला चीर गेली. अख्तरीनं मला फेकलं नाही, भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलं.

तिथं माश्या आल्या. डासाएवढ्या, डंख नसलेल्या मधमाश्या. समोरच्या चिंचेच्या ढोलीत त्यांचं माहेर होतं. तिथून कित्येक दिवस डिंक आणि मध वाहून त्यांनी माझ्यात घर मांडलं, तेव्हा कुठं तरुण राणी राहायला आली. तिची आई मागंच राहिली. म्हाताऱ्या राणीचं पोट इतकं जड असतं, की तिला उडताच येत नाही. लेकीचं घर तिनं कधी पाहिलं नाही.

पुढं रस्ता रुंद झाला आणि चिंच गेली. काही वर्षांनी माझी राणी मेली, तिची लेक राणी झाली. पण आसपास दुसरं घरच नव्हतं, म्हणून तिची जोडी घरच्याच नराशी जमली. एका रक्ताची जोडी जमली आणि घात झाला. ज्या अंड्यांतून कामकरी माश्या निघायच्या, त्यातल्या निम्म्यांतून नर निघाले. खायला काळ नि भुईला भार! अख्तरीला वाटलं, बिचाऱ्या उपाशी आहेत. ती साखरेचं पाणी ठेवत राहिली. गुणगुण कमीच होत गेली. आता ही फुटकी सुरई टाकून द्यावी, असं सून अनवरी म्हणू लागली. अख्तरीनं एका वर्षाची मुदत मागितली.

त्या वर्षी घोंगड्या विकायला सोनाजी धनगर आला. त्यानं कोनाड्याकडं पाहिलं, जवळ दुसरं मोहोळ आहे का ते विचारलं. नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "आपा, साखरेनं काय व्हनार नाय. आमी घरचाच मेंढा लई साल कळपात ठेवत नाय. दुसऱ्याचा आनावा लागतो."

पुढच्या खेपेला त्यानं वेरूळच्या रानातून अशाच माश्यांचं घर असलेलं एक पोकळ लाकूड घोंगडीत गुंडाळून आणलं आणि कोनाड्याशेजारी टांगलं. इकडं निम्मे नरच देणारी आपली राणी माझ्या माश्यांनी स्वतःच मारली. मला रडू आलं असतं, पण माझं पाणी केव्हाच आटलं होतं. तिचीच एक लेक नवी राणी झाली, बाहेर उडाली, वेरूळच्या नराला भेटून परतली. महिना-दीड महिन्यानं माझ्या तोंडातून डिंक आणणाऱ्या माश्यांची ये-जा सुरू झाली. अख्तरी कान लावून ऐकत उभी राहिली.

ती आता थकली आहे. तरी रोज कान लावते, मग दाराकडं पाहते. शौकतभाईंचं पत्र येऊनही खूप वर्षं झाली.

मित्रांनो, पोकळ झाड तोडण्याआधी त्याला एकदा कान लावा. आणि मला इथून हलवू नका. शौकतभाई आलेच, तर त्यांना द्यायला पाणी नाही माझ्यापाशी. पण मध आहे.