माझी वल्ही सवतीच्या पोटात

मी होडी बोलतेय. लाकडी, डांबर पीत पीत म्हातारी झालेली होडी. आत्ता मी पाण्यात नाही. तळ्याकाठच्या खडकावर लाकडांचा मोठा ढीग रचलाय, त्याच्या माथ्यावर मला बसवलंय. आज उन्हाळ्याच्या सणाची आग पेटायची आहे. शेजारीपाजारी आपापल्या होड्यांतून गोळा होताहेत आणि पेत्री खिसे चाचपत काड्यापेटी शोधतोय. ती सापडेपर्यंत मला माझं सांगून घेऊ द्या.

मला ताउनोनं घडवलं. त्याच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, अख्खा हिवाळाभर खपून. वल्हीही त्यानंच केली, माझ्या कडेवरच्या खुंट्यांच्या मापाची. दुसऱ्या कुणाच्या खुंटीवर ती बसायचीच नाहीत, आणि याचा मला कोण अभिमान!

रोज पहाटे तो जाळं टाकायला निघाला की त्याची बायको हिल्का सौनाच्या, म्हणजे काठावरच्या वाफेच्या न्हाणीघराच्या, पायरीवरून ओरडायची, "चालला सवतीकडे! कॉफीसुद्धा तिच्याकडेच पी म्हणावं!" ताउनो नुसता हसायचा. हिल्काचा राग मात्र खरा होता. पलीकडच्या काठावर जायचं असलं तर तळ्याला वळसा घालून सायकलनं जाईल, पण माझ्यात पाऊल ठेवणार नाही. "तुम्हा दोघांच्या मध्ये मी कशाला कडमडू?" म्हणायची.

मला गुदगुल्या व्हायच्या. पण एक गोष्ट सलायची, ती आज सांगतेच. तळ्याच्या मध्यावर गेलो की ताउनो बोलायला लागायचा, आणि बोलायचा काय? हिल्का असं म्हणाली, हिल्काला तसं आवडत नाही, हिल्काच्या हातचा मासे घातलेला पाव असा झाला होता! माझ्या पोटात बसून तिचं कौतुक! मासे जाळ्यात सापडायचे ते बहुधा हे ऐकून कंटाळल्यामुळेच.

तीन वर्षांपूर्वी ताउनो गेला. मला शेडमागे पालथं घातलं. भोवती खाजरं गवत वाढलं, माझ्या फळ्या सुकून आकसल्या, आणि हिल्का स्वयंपाकघराच्या खिडकीतून माझ्याकडे बघत राहिली. ना तिनं मला हाक मारली, ना मी तिला.

या सणाला मुलगी तूलिक्की, जावई पेत्री आणि नात साइमी गाडी घेऊन आली. गाडीमागे ती होती. पांढरीशुभ्र, प्लास्टिकची, शेपटीला मोटार लावलेली. साइमी तिच्याभोवती नाचत होती. मला तेव्हा कळलं की सवत हा शब्द हिल्का इतक्या दात-ओठ खाऊन का म्हणायची.

"आणि ही?" तूलिक्कीनं माझ्याकडे बोट केलं.

"आगीवर चढवू," पेत्री म्हणाला. "जुनी होडी शोभून दिसते वर. काय हो आई?"

हिल्का बटाटे धूत होती. "बघा तुम्ही," एवढंच म्हणाली.

मग पेत्रीनं शेडमधून माझी वल्ही काढली. मला वाटलं, शेवटचं एकदा फिरवणार. त्यानं ती नेऊन नव्या होडीत ठेवली! म्हणे, मोटार बंद पडली तर असावीत. ताउनोच्या हातची वल्ही सवतीच्या पोटात! माझ्या अंगाची लाही लाही झाली.

खडकापर्यंत मला पाण्यातून ओढत न्यायचं ठरलं. पण तीन वर्षांची तहानलेली मी, सगळ्या फटी उघड्या. काठापासून हाकेच्या अंतरावरसुद्धा गेले नाही, तेवढ्यात भरले आणि तळाला बसले.

"चाळण आहे नुसती!" पेत्री गुडघाभर पाण्यात उभा राहून ओरडला. "राहू दे इथंच, उद्या बघू."

सुकलेल्या लाकडाला दोन दिवस पाणी पिऊ द्यावं लागतं, मग फळ्या फुगून फटी आपोआप मिटतात. दर वसंतात ताउनो हेच करायचा. हिल्कानं हे चाळीस वेळा पाहिलेलं. पायरीवर उभी राहून तिनं सगळं बघितलं आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. म्हातारीनं डाव साधला, मी मनात म्हटलं.

शुक्रवारी रेडिओवर सांगितलं, रान कोरडं आहे, कुणीही आग लावायची नाही. पेत्रीचा चेहरा पडला. सगळ्या शेजाऱ्यांना आमंत्रण गेलेलं! मी मात्र पाण्यात बसल्या बसल्या खूश. शनिवारी सकाळी पावसानं झोडपलं, तसं घरातलं वातावरणही बिघडलं. उघड्या खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. पत्त्यांवरून साइमी रडली. पेत्रीनं सॉसेज करपवले. तूलिक्की म्हणाली, "एवढे पैसे त्या होडीत घातलेस, त्यात दक्षिणेकडे समुद्रावर जाऊन आलो असतो." पेत्री म्हणाला, "मग जा ना!" दार आपटलं. आणि नवी होडी पावसात उघडीच उभी, तिच्याकडे कुणी बघेना. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

दुपारनंतर ऊन पडलं. आग लावायला परवानगी आली, भांडणं निवळली, आणि तिघं नव्या होडीत बसून फेरी मारायला निघाली. माझ्या अंगावरून लाट उडवत गेली ती भवानी.

थोड्याच वेळात मोटार खोकली आणि गप्प झाली. पेत्रीनं वल्ही काढली, नव्या होडीच्या कड्यांत घालून बघितली. बसतील कशी? वाऱ्यानं त्यांना ढकलत ढकलत लव्हाळ्यात नेऊन अडकवलं.

"आई! कुणाला तरी बोलाव!" तूलिक्की ओरडली.

"कुणाला बोलावू? सगळे आपापल्या सौनात बसलेत!" हिल्का ओरडली. मग तिची नजर माझ्यावर गेली.

सौनातली बादली घेऊन ती पाण्यात उतरली आणि माझ्यातलं पाणी उपसू लागली. उपसून झाल्यावर कडेवर हात ठेवून वाट बघत राहिली. पाणी परत आलं नाही. मग तिनं शेडमधला एक लांब वासा ओढून काढला, झगा गुडघ्यापर्यंत खोचला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यात पाय ठेवला.

"हलू नकोस गं," ती म्हणाली. "तुला माझी सवय नाही."

वाशानं तळ रेटत आम्ही लव्हाळ्यात पोचलो. "आजी, तू समुद्री चाच्यासारखी दिसतेस!" साइमी टाळ्या पिटत म्हणाली.

"जावईबापू, ती वल्ही इकडे द्या आधी. ती हिची आहेत."

वल्ही माझ्या खुंट्यांवर टेकली आणि मला रडू आलं. नव्या होडीला दोरी बांधून आम्ही निघालो. माझी पांढरी सवत मुकाट्यानं मागून येत होती. अर्ध्या वाटेत हिल्कानं मान खाली घालून हळूच विचारलं, "काय बोलत असायचा गं तो तुझ्याशी इतकी वर्षं?"

मी सांगू शकत नव्हते. आणि सांगता आलं असतं, तरी सांगितलं असतं का, देव जाणे.

काठाला लागल्यावर पेत्री माझ्या फळ्यांवरून हात फिरवत म्हणाला, "आई, चांगली आहे की ही. ठेवू या. नका जाळू."

माझा जीव भांड्यात पडला. पण हिल्का मान हलवत होती. "दोन उन्हाळे मिरवाल आणि मग परत शेडमागे पालथी. तीन वर्षं खिडकीतून बघतेय मी. ताउनोच्या बापाची होडी त्याच खडकावर आगीत गेली, वाजत गाजत. हीसुद्धा तशीच जाईल."

"ओली आहे, पेटायची नाही."

"डांबरावर पोसलीय ती. पेटेल."

मग तिनं स्वतः मला वल्हवत इथवर आणलं. जुना सूड उगवते आहे, असंच मला वाटलं. रागावले, नव्या होडीकडे बघून जळफळले. तिला कुणी या ढिगावर चढवणार नाही, प्लास्टिक जाळायचं नसतं, हेच काय ते समाधान.

पण आत्ताच हिल्का शिडी लावून वर आली होती. काखेत दोन्ही वल्ही. खालून तूलिक्की म्हणाली, "अगं आई, ती तरी ठेव, बाबांची आठवण म्हणून. भिंतीवर लावू."

"भिंतीला काय करायचीत?" म्हणत तिनं ती माझ्या पोटात नीट आडवी ठेवली. मग खुंटीवर हात ठेवून, मला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाली, "जा. बघ, आतासुद्धा त्याच्याकडे आधी तूच पोचणार."

तिच्या आवाजात तोच राग होता, सौनाच्या पायरीवरचा.

पेत्रीला काड्यापेटी सापडली. येते मी. तिकडे गेल्यावर ताउनोला पहिलं हेच सांगणार, की शेवटी तुझ्या हिल्कानं मला वल्हवलं, आणि अगदीच काही वाईट वल्हवत नाही ती. झालं, मग तो सुरू होईल. हिल्का असं म्हणायची, हिल्काला तसं आवडायचं. आणि मला ते सगळं पुन्हा ऐकून घ्यावं लागेल, ती येईपर्यंत.