बारावा फोटो

सुमंतच्या फोटोंतून माझी हकालपट्टी झाली ती तो रिटायर झाल्यावर. त्याआधी पस्तीस वर्षं अमेरिकेतलं एकही प्रेक्षणीय स्थळ माझ्यावाचून पूर्ण होत नव्हतं. नायगारा माझ्या दोन्ही कानांमागून वाहतोय, निम्मा ग्रँड कॅन्यन माझ्या जांभळ्या जॅकेटने बुजवलाय, असे आमचे अल्बम. मग हायवे खात्यातली इंजिनिअरकी संपली, मोठा कॅमेरा घरात आला आणि एका यूट्यूबवाल्याच्या नादाने साहेब लँडस्केप फोटोग्राफर झाले. हा यूट्यूबवाला स्कॉटलंडच्या कुठल्याशा बेटावर भर हिवाळ्यात एकटा भटकतो. फ्रेममध्ये माणूस आलं की निसर्ग मरतो, असं त्याचं म्हणणं.

सॉफ्टवेअरचा सराव म्हणून सुमंतने यलोस्टोनच्या जुन्या फोटोतून मला पुसून पाहिलं. “बघ, फक्त चार सेकंद,” तो कौतुकाने म्हणाला. पस्तीस वर्षांची बायको चार सेकंदांत गेली आणि तिच्या जागी गवतसुद्धा उगवलं होतं. मी त्या दिवशी भाजीत मीठ घातलं नाही. त्याने मुकाट्याने खाल्ली, म्हणजे त्याला कळलं असावं.

गेल्या दिवाळीत आमच्या मराठी मंडळाच्या अंकात त्याचा एक तलावाचा फोटो आला, तोही उलटा. पाण्यातलं आकाश वर आणि खरं आकाश खाली. कुणाच्याच लक्षात आलं नाही, दोन दिवस त्याच्याही नाही. पण लक्षात आल्यावर मात्र तो मनाला लावून बसला. म्हणून मंडळाच्या आसावरीने संक्रांतीच्या कार्यक्रमाला हॉलची एक अख्खी भिंत देऊ केली, बारा फोटोंची, तेव्हा तो लहान मुलासारखा हरखला. अकरा तयार होते. बारावा त्याला हिवाळ्यातल्या बेटाचाच हवा होता. स्कॉटलंडला जायला माझे गुडघे तयार नव्हते, म्हणून मिशिगन सरोवरातलं एक बेट शोधलं. शिकागोहून साडेपाच तास ड्राइव्ह, मग बर्फ फोडत जाणारी फेरीबोट. दिवसातून एकदाच.

दोन दिवस सतत बर्फ पडला. आम्ही उतरलो होतो त्या घरात आमच्याशिवाय पाहुणा नव्हता. मालकीणबाई आम्हाला पुन्हापुन्हा विचारायच्या, “यू केम हिअर ऑन पर्पज?” सुमंत जॅकेट घालून खिडकीत बसायचा, दर तासाला कॅमेऱ्याची काच पुसायचा. मी वाटेत येऊ नये म्हणून घरातच राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी बर्फ थांबला. पहाटे आकाश स्वच्छ असणार होतं आणि दहाला आमची फेरी होती. म्हणजे संधी एकच.

सुमंतने घरामागच्या माळावर जागा हेरली. समोर नुसता पांढरा उतार, टोकाला सीडारचं एकच वाकडं झाड, पलीकडे गोठलेलं पाणी. ट्रायपॉड जिथे लावायचा तिथे त्याने खुणेची काठी रोवली. “उद्या सकाळी फ्रेममध्ये येऊ नकोस हां,” त्याने बजावलं.

“नाही येत,” मी म्हटलं. “तुझी फ्रेम तुला लखलाभ.”

सहाला जेवलो. मी बरोबर नेलेलं मेतकूट आणि भात. जेवल्यावर शतपावली केल्याशिवाय मला अन्न पचत नाही. शिकागोत मी ती बेसमेंटमध्ये घालते, ट्रेडमिलला वळसा मारून. इथे खोलीची लाकडी जमीन इतकी करकरायची, की मालकीणबाई वर आल्या असत्या. सुमंत बॅटऱ्या चार्ज करून तीन-तीन अलार्म लावत होता. मी बूट चढवले आणि मागच्या दाराने बाहेर पडले. साफ केलेल्या वाटेवर गोठून नुसती काच झाली होती, गुडघे गेले असते. बाजूचा बर्फ मऊ होता. पोर्चच्या दिव्यात काठी दिसली, वळायला खूण बरी. काठीपासून पुढे पंचवीस पावलं गेले, पंचवीस आले, पुन्हा गेले, पुन्हा आले. छान वाटलं. दोन दिवसांत पहिल्यांदा बाहेर श्वास घेतला.

पहाटे सुमंत गेला तो दहा मिनिटांत परत आला.

“वसुधा, रात्री बाहेर गेली होतीस?”

“जेवण झाल्यावर. शतपावलीला. का?”

त्याने मला खिडकीशी नेलं. काठीपासून सीडारच्या दिशेने माझी तुडवलेली पायवाट सरळ निघाली होती आणि अर्ध्यावर संपली होती. जणू कुणी तिथवर चाललं आणि तिथूनच उडून गेलं.

“पण मी फोटोत नव्हते,” मी म्हटलं. खरंच मला तेवढंच कळलं होतं. पावलं मागे राहतात हे डोक्यातच आलं नाही.

“इट्स ओके. घेतलाय एक,” तो म्हणाला. “पावलं सॉफ्टवेअरमध्ये पुसतो.”

शिकागोपर्यंत गाडीत मला त्याचा बारावा फोटो बिघडवला म्हणून वाईट वाटत होतं, आणि आता माझे पायसुद्धा पुसले जाणार म्हणून राग येत होता. दोन्हींतलं जास्त काय, ते मला ठरवता येईना.

कार्यक्रमाला मी काळी साडी नेसून गेले आणि भिंतीकडे पाठ करून तिळगूळ वाटत राहिले. पण बाराव्या फोटोपाशी गर्दी जमलेली ऐकू येत होती. एक निवृत्त हृदयविकारतज्ज्ञ काका समजावत होते, “ही वाट म्हणजे परदेशातला आपला एकटेपणा. अर्ध्यावर थांबलेला.” दोघीतिघींनी सुस्कारे सोडले.

मी वळले. पावलं होती. सगळी. खाली सुमंतच्या इंजिनिअरी अक्षरात कार्ड होतं: ‘शतपावली. फोटो: सुमंत. पावलं: वसुधा.’

तो मागे येऊन उभा राहिला.

“पुसली नाहीस?”

“पुसली होती. चार सेकंद लागले.” त्याने चष्मा काढून पुसला. “मग नुसतं झाड राहिलं, गं. बघवेना. परत घातली.”

मी त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. त्याने तो तोंडात टाकला आणि खिशातून फोन काढला.

“तिथे उभी राहा, फोटोपाशी. आता जरा डावीकडे सरक, झाड झाकलं जातंय.”

मी सरकले नाही.