बुधवारचा सैल पट्टा

नाथाजी गुळव्याला बुधवारी दम लागत नसे. आठवड्याच्या उरलेल्या सहा दिवशी लागे.

पलूसजवळच्या आपल्या दवाखान्यात डॉ. विनोदिनी थत्ते यांना ही गोष्ट एका मंगळवारी कळली. सन १९७४, डिसेंबर. गुऱ्हाळे ऐन भरात होती. सांगणारी हरणाबाई, नाथाजीची थोरली बहीण. नाथाजी स्वतः बाकावर ओणवा बसला होता आणि त्याच्या छातीतली शीळ दारापर्यंत ऐकू येत होती.

"बुधवारी ही बाजारला जाती," हरणाबाईने भावजयीकडे बोट केले, "आन त्याच दिशी माझा भाऊ मानसावानी श्वास घेतो. आता तुमीच समजा, बाई. चहात काय कालवती ते इचारा हिला."

"वन्सं, त्यो चहा तुमीबी पिता की," चंद्राबाई म्हणाली.

"मी वरचा पिते. तळाचा त्याला जातो."

"आक्के, गप की गं," नाथाजी दोन श्वासांच्या मध्ये म्हणाला.

"गप का? सोमवारी हिच्या भावाला बोलावलाय. तवर उलगडा झाला न्हाई, तर ही कायमची माहेरी."

"म्या कायबी कालवत न्हाई," चंद्राबाई म्हणाली. तिचा नकार विनोदिनीबाईंनी पुरावा मानला नाही. हरणाबाईचा आरोपही मानला नाही. बायको विष घालीत असेल, बहिणीला भावजय नकोशी झाली असेल, किंवा नाथाजीच सोंग करीत असेल. मात्र ऐन हंगामात गुळव्याने आजाराचे सोंग करण्याचे कारण त्यांना सुचेना.

नाथाजीच्या छातीभोवती कापडी पट्ट्याचे आठ घट्ट फेरे होते. तीन आठवड्यांपूर्वी उसाच्या रसाची काहील उतरवताना तो तिच्या कडेवर आपटला आणि बरगडी चिरली. बिराप्पा हाडवैद्याने पट्टा बांधून दिला होता. आधी कधी दमा? कधीच नाही. पंधरा वर्षे चुलाणाच्या, म्हणजे गुऱ्हाळाच्या मोठ्या चुलीच्या, धुरात उभा राहून त्याने गूळ केला होता आणि आताही रोज, बुधवारीसुद्धा, तिथेच उभा राहत होता.

छाती तपासायला पट्टा सोडावा लागला. शीळ दोन्ही बाजूंना होती. इंजेक्शनसाठी सिरिंज उकळायला ठेवून बाईंनी दुसरे दोन रोगी पाहिले. वीस मिनिटांनी परत येऊन छातीला तपासण्याची नळी लावली, तर शीळ निम्म्यावर आली होती. इंजेक्शन अजून दिलेच नव्हते.

"काही घेतलंत?"

"न्हाई. नुसता मोकळा बसलोय. दोनचार जांभया आल्या."

बाईंनी दोघींकडे पाहिले. "पट्टा रोज कोण बांधतं?"

"मी," चंद्राबाई म्हणाली. "हाड हलता कामा न्हाई, म्हनला बिराप्पा. दम लागला का आनखी आवळते."

"आणि बुधवारी?"

"मी बांधते की!" हरणाबाई ताठ झाली. "बोटं वातानं वाकलीत, पन भावासाठी बांधते."

बाईंना आनंद झाला नाही. एका योगायोगाच्या जागी दुसरा आला होता, इतकेच. नाथाजीला त्यांनी पट्ट्याविना घरी धाडले आणि गुरुवारी सिरिंज, औषध, टेप व काडेपेटी घेऊन त्या गुऱ्हाळावर गेल्या.

आधी पट्टा न बांधता नाथाजीला चुलाणाशी बसवले आणि चंद्राबाईच्या हातचा चहा, तळासकट, पाजला. तासाभराने शीळ नव्हती. वीतभर अंतरावरची पेटती काडी त्याने ओठांचा चंबू न करता, उघड्या तोंडाने एका फुंकरीत विझवली; श्वास मोकळा असल्याची ती खूण.

मग धुरापासून दूर, बांधावर, चंद्राबाईकडून नेहमीसारखा पट्टा बांधून घेतला. मोठा श्वास घेतला की दोन इंच फुगणारी छाती आता टेपवर पाव इंचसुद्धा फुगेना. पण तासाभरानेही शीळ नव्हती.

शेवटी पट्ट्यासह चुलाणाशी. चहा नाही, पाणीही नाही. पंचवीस मिनिटांत शीळ सुरू झाली आणि समोरची काडी जळत राहिली.

"सोडा पट्टा!" बाई म्हणाल्या. चंद्राबाई घाईने फेरे ओढू लागली. गाठ हरणाबाईनेच दात लावून सोडली. सावलीत नेऊन नाथाजीला खोल श्वास घ्यायला लावले. बरगडी दुखत होती, तरी त्याने घेतले. हळूहळू शीळ उतरली. पुढची काडी विझली.

"मग चहात काय हुतं?" हरणाबाईने विचारले.

"गूळ. जरा जास्तच."

हरणाबाईने पट्ट्याची घडी घातली. "सोमवारी तुझा भाऊ येतोय," ती भावजयीला म्हणाली, "तर पुरनाचं काय तरी बघ."

बाईंनी केसपेपर गुडघ्यावर घेऊन लिहिले:

"धूर जुनाच. त्याने श्वासनळ्या पूर्वीही आकसत असाव्यात. पण खोल श्वासाने फुप्फुसे ताणली जातात आणि त्यांच्यासोबत नळ्या पुन्हा रुंदावतात. घट्ट पट्ट्याने खोल श्वास बंद झाला, म्हणून आकसलेल्या नळ्या तशाच राहिल्या. दम वाढला की पट्टा आवळला जाई, त्याने दम आणखी वाढे. बुधवारी पट्टा सैल असे. पट्टा बंद. बरगडी भरेपर्यंत चुलाणापासून दूर. विषबाधा नाही."