वेणूबाईंची मुदत

मित्रांनो, भिंतीवर टांगलेल्या कागदाला त्याची हकीकत कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगायला बसलो आहे. मी एक जुना दाखला आहे. एका परिचारिकेच्या नोंदणीचा. दिघीच्या खाडीजवळच्या वाडीत, नारळी-पोफळीच्या सावलीतल्या एका घरात, पुढच्या खोलीच्या भिंतीवर मी चाळीस वर्षे आहे. माझ्या एका बाजूला बाबासाहेबांची तसबीर आणि दुसऱ्या बाजूला घड्याळ. समोर मागचे दार, आणि त्या दारातून दिसणारी विहीर. मला मान वळवता येत नाही. त्यामुळे ती विहीर, तिचा रहाट आणि शेजारची हात धुण्याची धोंड एवढेच माझे जग. जे तिथे दिसले आणि कानावर आले तेच सांगतो, पदरचे काही घालत नाही.

माझा जन्म मुंबईतल्या एका छापखान्यात झाला. जाड कागद, कडेने वेलबुट्टी, खाली उठावाचा शिक्का आणि निळ्या शाईची सही. अंगावर शिक्का असला की कागदाला थोडा माज येतोच, तसा तो मलाही होता. वरच्या कोपऱ्यात फोटो चिकटवलेला, बावीस वर्षांच्या वेणूचा. दोन वेण्या आणि कॅमेऱ्याला घाबरलेले डोळे. तिच्या घराण्यात शिक्क्याचा कागद घरी आणणारी ती पहिली. तिचा नवरा कृष्णाजी फेरीबोटीवर दोर सांभाळायचा. त्याने फणसाच्या लाकडाची चौकट स्वतः केली, काच बसवली आणि मला खिळ्यावर अडकवले. वाडीतली माणसे मला बघायला आली होती. कुणाला वाचता येत नव्हते ते शिक्क्यावरून बोट फिरवून गेले.

पण माझा अर्धा जीव इथे नाही, हे तुम्हाला सांगायला हवे. मुंबईतल्या परिचारिका परिषदेच्या कचेरीत एक मोठे रजिस्टर असते. त्यात नाव असेल तरच परिचारिकेने रुग्णाला हात लावायचा, असा नियम आहे. नाव टिकवायचे तर दर पाच वर्षांनी फी भरायची. फी चुकली की नाव कमी होते आणि माझ्यासारखा दाखला नुसता शोभेचा उरतो. तिकडे नाव हलले की इकडे माझ्या शाईला कळते. कसे कळते ते विचारू नका.

वेणूबाई आधी गावातल्या एका डॉक्टरांकडे होती. डॉक्टर मुंबईला गेले, तेव्हा लोक तिलाच बोलवायला लागले. बोलावणे आले की ती विहिरीवर जायची, पाणी काढायची, कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायची. मग पिशवी खांद्याला लावून माझ्यासमोर यायची आणि माझ्या काचेच्या डाव्या कोपऱ्याला ओले बोट टेकवायची. ही तिची रीत होती. तिथे पाण्याचा एक ठिपका राहायचा आणि ती परत येईपर्यंत वाळायचा. किती बाळे तिने या हातांनी जगात आणली, त्याची मोजदाद मी ठेवली नाही. ठिपके मात्र सगळे आठवतात.

आता एक गोष्ट सांगतो, जी मला सांगवत नाही.

पंचवीस वर्षांपूर्वीच्या शिमग्याची गोष्ट. वेणूबाईने फीचा ड्राफ्ट पाकिटात घालून कृष्णाजीच्या हाती दिला, टपालात टाकायला. शिमग्याला मुंबईचे चाकरमानी लोंढ्याने येतात, फेरीबोटीवर पाय ठेवायला जागा नसते. त्या गडबडीत कृष्णाजीने पाकीट केबिनमधल्या गादीखाली ठेवले आणि विसरला. मुदत टळली. नाव तात्पुरते कमी केल्याचे पत्र सकाळी आले आणि त्याच दुपारी रहिमुन्निसाच्या घरून बोलावणे आले. रहिमुन्निसा म्हणजे मोहल्ल्यातली तिची लहानपणापासूनची मैत्रीण. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस राहिलेली पहिलटकरीण होती.

वेणूबाईने हात धुतले. माझ्यासमोर आली, बोट उचलले आणि तसेच धरून उभी राहिली.

"रजिस्टरला माजं नाव न्हाय आज," ती म्हणाली. खोलीत दुसरे कुणी नव्हते, ती मलाच सांगत होती. ती माझ्यावरची तारीख वाचत राहिली, आणि मी काय करणार, तारीख दाखवत राहिलो. शेजारच्या घड्याळात दहा मिनिटे गेली. मग ती पिशवी उचलून धावत सुटली, काचेला बोट न लावताच.

संध्याकाळी परत आली ती उंबऱ्यातच बसली. "पोरगी व्हती," म्हणाली. "रडली न्हाय." ती दहा मिनिटे आधी पोचली असती तर काही झाले असते का, हे कुणालाच सांगता आले नसते. कृष्णाजी केबिनमधून पाकीट घेऊन आला आणि तिच्यासमोर ठेवून कोपऱ्यात उभा राहिला. तिने ते उघडलेही नाही. नंतर फक्त एवढेच म्हणाली, "नाव हाय तवर कुनाला न्हाय म्हनायचं न्हाय. एक मिनिटबी थांबायचं न्हाय." पुढे रहिमुन्निसाला अझहर झाला तो वेणूबाईच्याच हातांनी. तरी त्या दुपारबद्दल त्या दोघी कधी बोलल्या नाहीत.

दोन हजार वीसच्या वादळात निम्म्या पोफळी आडव्या झाल्या, पण मी खिळ्यावरून पडलो नाही. त्यानंतरच्या जानेवारीत, भर दुपारी, वेणूबाई विहिरीवर हात धूत असताना छातीत कळ येऊन धोंडेवर बसली ती उठली नाही. मी सगळे पाहिले. हातावरचा फेस वाळेपर्यंत तिच्याकडे कुणी आले नव्हते. मला हाक मारता येत नाही याचे इतके दुःख मला कधी झाले नव्हते.

ग्रामपंचायतीतून तिच्या मृत्यूचा दाखला आला, तो कृष्णाजीने पत्र्याच्या पेटीत ठेवला. परिषदेला कळवायचे असते, हे त्याच्या गावीही नव्हते. तीन महिन्यांनी तिच्या फोनवर संदेश आला. तो फोन कृष्णाजी रोज चार्ज करून ठेवायचा. वेणूबाईंच्या नोंदणीची मुदत संपत आहे, फी भरावी, असा तो संदेश होता. कृष्णाजी ताठ बसला. "या टायमाला चुकायचो न्हाय मी," तो मला म्हणाला. त्याने मला खिळ्यावरून काढले, काखेत घेतले आणि तालुक्याच्या गावी कॉम्प्युटरच्या दुकानात नेले. दुकानदाराने अर्ज भरता भरता विचारले, "बाई कुठं हायत?"

"कामाव गेलीय," कृष्णाजी म्हणाला.

फी भरली गेली. परतीच्या वाटेवर माझी शाई ओली झाली. पस्तीस वर्षांपूर्वी वाळलेली शाई, मित्रांनो.

दुसऱ्या दिवशी दुपारी, वाडीत पानही हलत नसताना, रहाट करकरला. दोर आपोआप खाली गेला. बादली भरून वर आली आणि धोंडेवर पाणी सांडायला लागले, हातांवर सांडल्यासारखे, थांबत थांबत. दिसत कुणीच नव्हते. थोड्या वेळाने माझ्या काचेच्या डाव्या कोपऱ्यात पाण्याचा ठिपका उमटला. कृष्णाजीने तो धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा पुन्हा पुसला, पण तो जाईना. तो काचेच्या आतल्या बाजूने होता.

एकाच घरात दोन कागद होते. पेटीतला म्हणत होता की वेणूबाई गेली. मी म्हणत होतो की वेणूबाई आणखी पाच वर्षे कामावर आहे. दोघांवरही शिक्का होता.

"आपन भुताखेतांना मानीत न्हाय," कृष्णाजी विहिरीकडे बघून मोठ्याने म्हणायचा. आणि मग धोंडेवर नवा साबण ठेवायचा. रोज दुपारी जेवण आटोपून तो मागच्या दारात बसायचा आणि पाण्याचा आवाज ऐकायचा. त्या आवाजाशी तो हवापाण्याच्या गप्पा मारायचा. खरे सांगतो, मलाही बरे वाटायचे. घर भरलेले वाटायचे. मोहल्ल्यात आणि खालच्या आळीत बाळंत झालेल्या बायका एकमेकींच्या कानात काही बोलतात, असे कानावर यायचे, तिकडे आम्ही दोघांनी काणाडोळा केला.

पण माझ्या कोपऱ्यातला फोटो बदलत होता. बावीस वर्षांच्या त्या मुलीच्या डोळ्यांखाली काळे आले. वेण्या सुटल्या. दर वर्षी तिची मान थोडी आणखी खाली जात होती. कृष्णाजीची नजर अधू झालेली, त्याला ते दिसले नाही. मला दिसत होते, आणि मी गप्प होतो. शिमग्याच्या त्या दहा मिनिटांनंतर दुसऱ्यांदा गप्प होतो.

यंदा पुन्हा फीचा संदेश आला. मुदतीला चार दिवस उरले असताना, दुपारी, रहिमुन्निसा घरात आली. तिची सून आफिया तीन दिवसांपूर्वी बाळंत झाली होती. अझहर कुवेतला. गाडी यायला उशीर लागला म्हणून रहिमुन्निसा रस्त्यावर बघायला गेली, तेवढ्यात सगळे झाले होते.

"कृष्णाभाऊ," ती म्हणाली, "मी परत आले तं माजा नातू झियान दुपट्यात गुंडाळलेला व्हता. नाळ बांधलेली. आफिया म्हनाली, एक बाई आली, हात बर्फासारखे, कोपराखाली पानी गळतेलं. बाळ दिलं आन् तिनं विचारलं, माजी मुदत कवा संपते? मुनीला सांग, माज्या घरच्याला विचार म्हनून. हात लई दुकतात, म्हनाली."

कृष्णाजीने हातातला फोन उपडा ठेवला.

"मला मुनी म्हननारी ती एकलीच व्हती, भाऊ. आफियाला ते नाव ठाव न्हाय."

तेवढ्यात रहाट करकरला. दोघांनीही ऐकले. रहिमुन्निसा उठली आणि सरळ विहिरीपाशी गेली. पाणी सांडत होते तिथे, त्या मोकळ्या जागेसमोर, ती उभी राहिली.

"वेणू, माज्या पोरीचं तुज्याकडं काय ऱ्हायलं न्हाय," ती म्हणाली. "अझहर तुज्या हातचा. आता नातूबी. लई झालं बाय, अल्ला तुला आराम देवो."

पाणी सांडायचे थांबले. रहिमुन्निसा परत आली आणि कृष्णाजीला म्हणाली, "मुदत म्हनाली तवाच वळखलं मी, तुमी तिची फी भरता. नाव हाय तवर तिला यावं लागतं. तिचा सबाव तुमाला ठाव हाय."

"मी न्हाय भरली तं ही दुपार मोकळी जाईल," कृष्णाजी म्हणाला. "मंग मी कुनाशी बोलू?" रहिमुन्निसा त्याच्याजवळ बसून राहिली.

दोन दिवस तो फोन हातात घेऊन बसला. तिसऱ्या दिवशी त्याने चष्मा घातला, मला खाली काढले आणि उजेडात धरले. फोटो बघितला. बराच वेळ बघितला. मग पत्र्याची पेटी उघडून दुसरा कागद काढला, आणि आम्हा दोघांना एकाच काखेत घेऊन त्याच दुकानात गेला.

"बाई कुठं हायत?" दुकानदाराने सवयीने विचारले.

"गेली," कृष्णाजी म्हणाला. "पाच वर्सं झाली. मीच कळीवलं न्हाय. नाव कमी करायचा अर्ज ल्ह्या."

पंधरवड्याने तिकडे नाव निघाले ते मला कळले. शाई वाळली. काचेच्या आतला ठिपका कडेने आक्रसत गेला आणि नाहीसा झाला. फोटोतली मुलगी पुन्हा बावीस वर्षांची झाली, दोन वेण्यांची, कॅमेऱ्याला घाबरलेली.

मित्रांनो, मी दाखला आहे, तेव्हा फी वेळेवर भरा हे सांगणारच. एका विसरलेल्या पाकिटापायी काय होते ते मी पाहिले आहे. पण ज्याचे काम संपले त्याला आपल्या मायेपोटी कामावर ठेवू नका. त्याचे नाव कमी करायला जाणे हीसुद्धा त्याची सेवाच आहे, आणि ती जिवंत माणसालाच करावी लागते.

नाव निघाले त्या दिवशी दुपारी कृष्णाजी मागच्या दारात बसला. रहाट हलला नाही. बऱ्याच वेळाने तो विहिरीवर गेला. धोंडेवरचा साबण पाच वर्षांत पहिल्यांदा कोरडा होता. त्याने स्वतः पाणी काढले, कोपरापर्यंत हात धुतले, माझ्यासमोर आला आणि काचेच्या डाव्या कोपऱ्याला ओले बोट टेकवले. हा ठिपका बाहेरच्या बाजूने होता. संध्याकाळपर्यंत तो वाळून गेला.