दुःख जरा कमी पडतंय

टेगनच्या भाषणात एकच खोट होती. दुःख कमी पडत होतं. शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेच्या फिलिपाबाईंनी तिला तसं अगदी मायेनं सांगितलं.

"लिहिलंयस छान गं. पण जेवायला येणारे देणगीदार रडले पाहिजेत. ते रडले की शिष्यवृत्ती तुझीच समज."

शिष्यवृत्ती टेगनला हवीच होती. शिक्षिकेची पदवी हातात पडली होती, पण वाचताना अडखळणाऱ्या मुलांना शिकवायचं पुढचं शिक्षण दूर होबार्ट शहरात होतं आणि तिथे राहायचं म्हणजे पैसा आला. आईबापांपासून काढून सरकारनं परक्या घरी वाढवलेली पोरं पदवीपर्यंत क्वचितच पोचतात. त्यामुळे पोचलेल्यांना अशा मेजवान्यांत फार मागणी असते.

सुरुवात तशी झकास होती. नऊ वर्षांत चार घरं, आणि दर वेळी कपडे कचऱ्याच्या काळ्या पिशवीत. फिलिपाबाई त्यावर जाम खूश होत्या. पण नवव्या वर्षी पोरगी लाँसेस्टनला नोलीनच्या दारात येऊन पडली आणि सगळ्या गोष्टीचा विचका झाला. या बाईनं तिला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, परतही पाठवलं नाही. रोज संध्याकाळी भांडी झाली की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून अपूर्णांक तेवढे करून घेतले. अठरा पूर्ण झाल्यावर सरकारनं पैसे थांबवून हात झटकले, तेव्हा पोरीला बाहेर काढायचं सोडून नोलीननं तिच्या खोलीचे पडदे बदलले. आता अशा घरावर कोण रडणार?

"ही नोलीन सारखी मध्ये येते," फिलिपाबाई म्हणाल्या. "तुझा एकटीचा झगडा झाकला जातो." त्यांनी नोलीनला खोडून तिथे एक वाक्य घातलं, 'माझं असं कुणीच नव्हतं.' मग टेगनला रस्त्यावरच्या दिव्याखाली पुस्तक देऊन उभं केलं आणि फोटो काढला.

टेगननं ते भाषण घरी वाचून दाखवलं. नोलीन भोपळा चिरत होती. त्या वाक्याशी सुरी जरा थांबली, मग पुन्हा चालू झाली.

"मग म्हण की तसं."

"तुला काहीच नाही वाटत?"

"माझ्या अंगाला काय भोकं पडतात, पोरी? होबार्टला जायचंय ना? मग म्हण आणि मोकळी हो."

टेगनला तिचा राग आला. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

मेजवानी गोल्फ क्लबात होती. देणगीदार पुढे, आणि नोलीन पार मागे, स्वयंपाकघराच्या दाराशी. दुखरा गुडघा ओढत तिथवर जाताना ती भिंतीवरच्या भल्यामोठ्या फोटोसमोर थांबली.

"या उजेडात वाचायचीस तू? आणि आपल्या घरातला दिवा काय मेला होता?"

टेगनला कुठे तोंड लपवावं कळेना. ताटं तिकडच्या मेजवान्यांच्या रीतीनं, कुणाला न विचारता एकाआड एक आली, कोंबडी, मासा, कोंबडी, मासा. नोलीनच्या नशिबी मासा. शेजारच्या गृहस्थाशी तिनं बोलता बोलता ताट बदललं आणि लग्नाला-मर्तिकाला घालायचा निळा कोट सावरून भाषण ऐकायला बसली.

काळ्या पिशव्यांवर रुमाल निघाले. फिलिपाबाईंचा चेहरा फुलला. टेगन त्या वाक्याशी आली आणि तिनं मान वर केली. मागून नोलीन हनुवटीनं खुणावत होती, म्हण, म्हण. टाळ्यांसाठी हात तयार धरले होते. ते हात पाहिले आणि टेगनला ते वाक्य उच्चारवेना. आपण काय करायला निघालो होतो, याची तिला लाज वाटली.

"पुढे लिहिलंय की माझं असं कुणीच नव्हतं," ती म्हणाली. "ते खोटं आहे. ती तिकडे दाराशी बसलीय, निळ्या कोटातली. नवव्या वर्षी मला तिच्याकडे आणलं आणि त्यानंतर माझ्या आयुष्यात काही घडलंच नाही. जेवण, भांडी, अपूर्णांक. रोज तेच. काहीच घडत नव्हतं, म्हणून मला शिकायला सवड मिळाली. त्या दिव्याखाली मी फक्त फोटोपुरती उभी होते."

फिलिपाबाई हसत होत्या, पण ते हसू कुणीतरी ओढून धरल्यासारखं होतं.

गाडीत नोलीननं तिची खरडपट्टी काढली. "आलेली लक्ष्मी लाथाडलीस. आणि अपूर्णांकांचं कशाला सांगायचं चारचौघांत?" मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती स्वतःच्या घराचं वळण चुकली.

सोमवारी फिलिपाबाईंचा फोन आला. देणगीदार ढसाढसा रडले होते म्हणे. शिष्यवृत्ती टेगनला मिळाली होती. नोलीनला मध्ये घेण्याची कल्पना आपल्याला आधीपासूनच आवडली होती, असंही त्या म्हणाल्या. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

"पुढच्या वर्षी हेच भाषण करशील? त्या वेळी फोटो नोलीनबाईंचा लावू. फक्त त्या जरा फारच धडधाकट दिसतात गं. त्यांना काही आजारबिजार आहे का?"

टेगननं फोनवर हात ठेवून नोलीनला विचारलं.

"गुडघा आहे म्हणावं," नोलीन खुर्चीत टेकत म्हणाली. "आणि मासा नको, तेही सांग."