लख्ख धुतलेली टाकी

मित्रांनो, मी मासे पाळायची एक जुनी काचेची टाकी आहे. माझ्या एका कोपऱ्याचा टवका उडाला आहे, पण त्याचे मला काही नाही. माझ्या पोटात एकाच दिवशी चार जीव गेले, आणि ते घाणीने नव्हे, स्वच्छतेने गेले. हे दुःख मात्र जात नाही.

माझी उमेदीची बारा वर्षे दातांच्या दवाखान्यात गेली. भोकाड पसरलेली पोरे माझ्यापुढे आली की गप्प व्हायची. मग डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. दोन वर्षे कोळ्यांशिवाय कोणी माझी चौकशी केली नाही.

तिथून मला एका लाँड्रीवालीने आणले. तिच्या वडिलांना अर्धांगवायू झाला होता. वाचा गेलेली, उजवे अंग लुळे. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचे आणि घास पुढे केला की ओठ घट्ट मिटायचे. "औषध देतोय, पण त्यांना जगावंसं वाटायला हवं," असे त्यांचे डॉक्टर म्हणाले होते. धडधाकट असताना ते माशांच्या दुकानासमोर तासन् तास उभे राहायचे, हे तिला आठवले.

बाई कामाला वाघीण! इस्पितळाच्या चादरींवरचे रक्ताचे डाग काढण्यात तिची हयात गेलेली. "माझ्या हातून डाग सुटेल? शक्यच नाही," असे म्हणत तिने मला मोरीत घेतले. कपड्यांची पावडर, वर ब्लीच, आणि तारेची घासणी! माझे पाणी गाळणाऱ्या गाळणीचा स्पंज आणि तळाचे खडे तिने चादरींसारखे साबणात रात्रभर भिजत घातले. मग दोनदा पाण्यातून काढले की झाले! स्पंजात साबण तसाच मुरलेला होता. मला ते कळत होते, पण काचेला कुठली वाचा?

सकाळी चार सोनेरी मासे आले. वडिलांनी मान वळवली. "अगं बाई! बाबा, दिसतायत ना?" त्यांनी डावे बोट उचलून एकेक मासा मोजला आणि चक्क पाच घास खाल्ले. ती दाराआड जाऊन रडली आणि मग कामाला गेली.

दुपारी पाण्यावर फेस आला. मासे वर येऊन तोंडे उघडू लागले. वडिलांना हाक मारता येईना. ते डाव्या हाताने पलंगाची कड बडवत राहिले. संध्याकाळी ती आली तेव्हा चारही मासे उलटे तरंगत होते आणि वडिलांचे तोंड पुन्हा भिंतीकडे होते.

ती तडक माशांच्या दुकानात गेली आणि दुकानदाराला घेऊनच आली. त्याने पाणी हुंगले. "ताई, साबण लावलात?"

"मग काय घाणेरडी टाकी ठेवू बाबांपुढे?"

"अहो, मासा त्याच पाण्यात श्वास घेतो! टाकीला साबण अजिबात नको. हे पाणी आठवडाभर रोज बदला. काचेवरचे क्षारांचे पांढरे डाग व्हिनेगरनं, मऊ फडक्यानं काढा आणि खळखळून धुवा. स्पंज, खडे नवे घ्या. पाणी काढताना त्यातला पाणी कोमट ठेवणारा हीटर आधी बंद करा, गार झाला की मगच बाहेर काढा. मग गाळणी चालू ठेवून रिकाम्या टाकीतच रोज चिमूटभर खाद्य टाका, म्हणजे पाणी साफ राखणारे सूक्ष्म जिवाणू वाढतील, आणि महिनाभर थांबा. पाणी तपासून मीच सांगेन."

तिने शब्दन् शब्द पाळला. रोज सकाळी वडिलांना सांगायची, "बाबा, आता वीसच दिवस." मग पंधरा. मग दहा. ते माझ्यातल्या रिकाम्या पाण्याकडे बघायचे आणि कसाबसा एखादा चमचा घ्यायचे. सहा दिवस उरले असताना ते गेले.

दुकानदाराला बिचाऱ्याला ठाऊक नव्हते. ठरल्या दिवशी तो पिशवीत दोन मासे घेऊन आला, पाणी तपासून म्हणाला, "ताई, झालं बघा तयार."

"आता बघायला कोण आहे?" ती म्हणाली. तो पिशवी घेऊन परत गेला.

मित्रांनो, माया तिच्या हातात कमी नव्हती. पण जुनी टाकी घरी आणलीत, तर पाण्याचा नळ सोडण्याआधी जाणत्या माणसाला विचारा. त्याला पाच मिनिटे लागतात. माशांचे दुकान तिच्या लाँड्रीपासून चार दारे पलीकडे होते.